आठवत नाही, असं मी म्हणालो

अमरावतीच्या न्यायाधिकरणात शपथ घेऊन उभा असताना मी एकदा "आठवत नाही" असं म्हणालो. आठवत होतं. सगळं आठवत होतं, कागदाचा पिवळटपणासुद्धा. चौदा वर्षं माझ्यासोबत एका टेबलावर डबा खाल्लेल्या माणसाची नोकरी त्या दोन शब्दांनी गेली. बरीच वर्षं मी हे बायकोलाही सांगितलं नव्हतं. मुळात मी कमी बोलणारा. लोक याला सज्जनपणा समजतात, आणि मीही त्यांना समजू दिलं.

शाळा तेल्हारा तालुक्यातली. मी मराठी शिकवायचो, तो इतिहास. तो अकोल्याचा. वडिलांचं गाद्यांचं दुकान, मागच्या खोलीत कापूस पिंजायचं यंत्र. घरी उर्दू, गावात वऱ्हाडी, वर्गात पुस्तकी मराठी, आणि तिन्ही सारख्याच सफाईनं. माझ्या डब्यातली अंबाडीची भाजी तो न विचारता घ्यायचा. त्याच्या घरचा शिरखुर्मा वर्षातून एकदा सगळ्या स्टाफरूमला पुरायचा. शाळेत तो मला सर म्हणायचा, फाटकाबाहेर पडलो की भाऊ.

नववीला एक धडा होता, हुकूमशहांचा उदय आणि दुसरं महायुद्ध. हा धडा तो वर्गात घेत नसे. पीटीच्या सरांकडून कबड्डीचं मैदान आखायची फक्की मागून आणायचा आणि शाळेमागच्या ई-क्लासच्या जागेवर, म्हणजे गावाच्या गायरानावर, युरोप काढायचा. इटलीचा बूट तेवढा ओळखू यायचा, बाकी सगळे मुलूख भाकरीसारखे. मग पोरापोरींना देश वाटून द्यायचा. दरवर्षी यावरून भांडण.

"सर, मी पोलंड नाई होत," एक पोरगी हटून बसली होती. "मांगच्या वर्षी माही बहीण पोलंड होती. पयल्याच दिवशी मेली थे."

"तू मंग स्वित्झर्लंड हो. नुसती उभी राय अन् पाह्य."

"त्याहून मेलेली बरी," ती म्हणाली, आणि पोलंडात जाऊन उभी राहिली.

खेळाची रीत सोपी होती. हुकूमशहा झालेलं पोरगं एका देशात शिरायचं. सर शेजारच्या देशांना विचारायचे, "तुमाले काही म्हणायचं हाय?" शेजारी "नाई" म्हणाला की गिळलेला देश हुकूमशहाच्या मागे जाऊन उभा राहायचा. मग पुढचा देश, पुन्हा तोच सवाल. शेवटी इंग्लंड-फ्रान्सवाली पोरं "हाय, म्हणायचं हाय" असं ओरडायची, तेव्हा अर्धं मैदान त्याच्या मागे उभं असायचं. मग धूळ, ओढाओढी, फक्की सगळ्यांच्या डोक्यात. त्याला महायुद्ध म्हणायचं.

पण त्याच्या खेळात याच्याही आधीची एक फेरी होती. तिला तो शून्य नंबरची फेरी म्हणायचा. ती सरहद्दीच्या आतली. त्यात देश नसायचे, माणसं असायची: एक पेपरवाला, एक न्यायाधीश, एक मास्तर, एक दुकानदार, एक मजूर पुढारी. हुकूमशहा एकेकाला खाली बसवायचा आणि बाकीच्यांना तोच सवाल. मजूर पुढाऱ्याला बसवलं, तुम्हाला काही म्हणायचं आहे? दुकानदार म्हणायचा नाही. पेपरवाल्याला बसवलं. मास्तर म्हणायचा नाही. सगळे बसले की तो एकटाच उभा, आणि समोर सरहद्द.

"आता याच्या घरात याले नाई म्हणणारं कोणीच उरलं नाई," सर पोरांना सांगायचे. "गरिबी मिटवतो म्हणून आला होता. गरिबी काही मिटली नाई. मंग लोकायले दाखवाले काय पायजे? दुश्मन पायजे. घरातले संपले. म्हणून थो बाहेर निंगाला. अन् दुनियाभराचे लोक म्हणतात लढाई पोलंडपासून सुरू झाली."

मी दोनदा झाडाखाली उभं राहून हा तास पाहिला होता. मला तो थोडा पोरकट वाटायचा.

आता आमच्या साहेबांबद्दल. साहेब म्हणजे संस्थेचे अध्यक्ष. ते आले ती वर्षं फार वाईट होती. कापसाकडे कोणी पाहत नव्हतं, विहिरी मार्गशीर्षातच तळाला जायच्या, आणि एकेका वर्गात वर्षात दोन-तीन पोरं डोकं भादरून येत. आम्ही हजेरी घेताना मान वर करत नसू. अशा वेळी साहेब आले. शाळेत बोअर मारून दिली, पडकी भिंत बांधून काढली. ज्या घरी मयत झाली त्या घरी सगळ्यांच्या आधी पोचले. हे सगळं त्यांनी खरंच केलं. खोटं असतं तर माझं काम सोपं झालं असतं.

आम्ही घाबरलेलो होतो आणि मोठ्या आवाजाचं एक माणूस आमच्या बाजूनं उभं राहिलं होतं. आम्ही टाळ्या वाजवल्या. दर वर्षी त्यांच्या वाढदिवसाला मानपत्र असायचं, आणि ते लिहायचं काम मराठीवाल्याचं, म्हणजे माझं. पहिल्या वर्षी मी 'शिक्षणप्रेमी' लिहिलं. मग 'शिक्षणमहर्षी'. मग 'कल्पवृक्ष'. एका वर्षी 'पंचक्रोशीचा सूर्य' लिहिलं आणि वाचताना माझा आवाज भरून आला. तोपर्यंत वार्षिक सभा बंद झाली होती, शिक्षक संघटनेच्या फळ्यावर साहेबांचे सुविचार लागत होते, आणि दोन शिपाई काहीतरी विचारलं म्हणून नोकरी जाऊन घरी बसले होते. त्या शिपायांच्या वेळी स्टाफरूममध्ये इतिहासवाले सर माझ्याकडे पाहून हळूच म्हणाले होते, "काहो सर, तुमाले काही म्हणायचं हाय?" मी हसलो होतो.

त्या वर्षीचा खेळ चालू होता. शून्य नंबरची फेरी संपली, सगळे खाली बसलेले, हुकूमशहा एकटा उभा. आणि पेपरवाली झालेली एक पोरगी खालूनच बोलली, "सर, म्हंजे आपल्या साहेबासारखं का?"

सगळं मैदान हसलं. सरही हसले. मग म्हणाले, "तू युरोपात राय बापा, इकडं नको येऊ."

एवढंच. ही गोष्ट मधल्या सुट्टीपर्यंत साहेबांच्या बैठकीत पोचली. आठवड्यात आरोपपत्र आलं: विद्यार्थ्यांना संस्थेविरुद्ध चिथावले. गावात त्याच्या जोडीला आणखी काही कुजबुज सोडून दिली गेली. तो कोणत्या मोहल्ल्यातला, घरी कोणती भाषा बोलतो, वगैरे. कागदावर त्यातलं काही नव्हतं. कागद स्वच्छ होता.

अशा प्रकरणात तीन जणांची चौकशी समिती बसते. एक संस्थेचा माणूस, एक पुरस्कार मिळालेले बाहेरचे गुरुजी, आणि एक ज्याच्यावर आरोप आहे त्यानं निवडलेला. त्यानं माझं नाव दिलं. "तुमी फार बोलत नाई," तो म्हणाला, "पण जे बोलता थे लिहिलेल्यासारखं असते."

आता आमच्याकडची एक रीत सांगतो. शाळा असो, दूध सोसायटी असो की देवळाचा ट्रस्ट, सह्या आधी होतात आणि मजकूर मागून लिहिला जातो. बाबू ठरावाचं बुक पुढे करतो, पान कोरं असतं, खाली जागा दाखवतो, आपण सही करतो, चहा येतो. मजकूर बाबू सवडीनं लिहितो. कोणालाच यात वावगं वाटत नाही. पान वाचायला मागणारा माणूस भांडकुदळ समजला जातो. मी आयुष्यात अशा शेकडो सह्या केल्या असतील.

चौकशीच्या शेवटच्या बैठकीत बाबूनं तीन कोरे कागद पुढे केले. "सर, इथी कोंबडा काढा, मंग चहा सांगतो."

पुरस्कारवाल्या गुरुजींनी सही केली. संस्थेच्या माणसानं केली. साहेब खरं तर तिथे असायला नको होते, पण बसले होते, सुपारी कातरत. मी पेन काढला आणि थांबलो. खरंच थांबलो. साहेब वर न पाहता म्हणाले, "जूनमदी पर्यवेक्षकाची जागा रिकामी होऊन राह्यली. मले मराठीवाला माणूस पायजे. कागद नीट लिहिणारा."

धमकी नव्हती. आवाजही चढला नव्हता. नंतर मी स्वतःला पुष्कळ समजावलं की रीतच तशी आहे, सगळेच करतात, मी घाबरलो होतो, घर आहे, पोरगी बारावीला आहे. हे सगळं खोटं आहे. मी घाबरलो नव्हतो. मला ती खुर्ची हवी होती. मी तीन सह्या केल्या आणि चहा प्यालो.

अहवालात लिहिलं गेलं की आरोप एकमतानं सिद्ध झाला. त्याला काढलं. जूनमध्ये मी पर्यवेक्षक झालो. त्याचे इतिहासाचे तास वाटून देताना नववी माझ्याकडे आली. मी तो धडा पुस्तकातून वाचून दाखवला आणि खाली 'कारणे लिहा'ची उत्तरं फळ्यावर उतरवून दिली. तह, मंदी, हुकूमशहांचा उदय, बड्या राष्ट्रांचं बोटचेपं धोरण. चार कारणं, चार गुण. पोरापोरींनी नीट वहीत उतरवून घेतलं. कोणी भांडलं नाही.

तो न्यायाधिकरणात गेला. त्याच्या वकिलानं मला बोलावलं.

"या तिन्ही सह्या आपल्या?"

"हो."

"सही केली तेव्हा कागदावर मजकूर होता का?"

समोरच्या बाकावर तो बसला होता, इस्त्रीचा शर्ट घालून. माझ्याकडे पाहत नव्हता. त्याला उत्तराची खात्री होती म्हणून पाहत नव्हता, हे मला लगेच कळलं.

"आठवत नाही," मी म्हणालो.

तेव्हा त्यानं पाहिलं. चिडून नाही. इयत्तेत पहिला येणारा पोरगा सोपं उत्तर चुकला की मास्तर पाहतो तसं.

तो हरला. पुढे वरच्या कोर्टात गेला, ते प्रकरण पडून राहिलं. अकोल्याला वडिलांच्या दुकानात बसू लागला. मी अकोल्याला गेलो की त्या रस्त्यानं जात नसे. एसटी स्टँडवरून लांबच्या रस्त्यानं रिक्षा न्यायचो.

इकडे शाळेत शांतता होती. शिक्षक सभेत साहेब विचारत, कोणाला काही म्हणायचं आहे का, आणि पंख्याचा आवाज ऐकू येई. कापूस तसाच, विहिरी तशाच, बोअरही आटली. साहेबांकडे नवं दाखवण्यासारखं काही उरलं नव्हतं. मग त्यांना गायरान दिसलं. गावात दुसऱ्या एका संस्थेची शाळा होती, गायरानाच्या पलीकडच्या अंगाला. दोन्ही शाळांची पोरं वर्षानुवर्षं तिथेच खेळायची, कोणाची जागा हा सवाल कधी कोणी केला नव्हता. साहेबांनी केला. प्रार्थनेनंतर त्यावर भाषणं होऊ लागली. ती भाषणं मी लिहीत होतो. 'आपल्या पूर्वजांच्या घामानं भिजलेली ही भूमी' हे वाक्य माझं. त्या गायरानावर आमच्या पूर्वजांनी ढोरं चारली होती फक्त.

सव्वीस जानेवारीच्या तालमीला आमची पोरं लेझीम घेऊन गायरानाच्या मधोमध नेऊन उभी केली. पलीकडची पोरं त्यांच्या तालमीला आली. पहिला दगड कोणी मारला माहीत नाही. मी पाहिलं ते एवढं, की त्या शाळेच्या एक बाई हात पसरून मध्ये आल्या, "अरे थांबा रे, लेकरं हायत," म्हणत, आणि कपाळाला हात लावून खाली बसल्या. हात काढला तेव्हा लाल होता. त्यांना अकोल्याला न्यावं लागलं. त्यांच्या एका डोळ्याला आता नीट दिसत नाही.

पोरं परत आली. माझ्या नववीतली एक मुलगी, रोज पहिल्या बाकावर बसणारी, धुळीनं माखून माझ्यासमोर उभी राहिली. तिचा चेहरा फुलला होता.

"सर, आपन जितलो."

"कोणाशी?"

तिला सवालच कळला नाही. ती माझ्याकडे पाहत राहिली, शाबासकीसाठी.

आमच्या गायरानाचं आणि त्या युद्धाचं माप एक नाही, हे मला कळतं. तिकडे कोट्यवधी माणसं मेली, इकडे एका बाईचा डोळा गेला. बरोबरी करायला लाज वाटते. पण त्या दिवशी त्या मुलीसमोर मला इतिहासवाल्या सरांचा अख्खा तास कळला, जो झाडाखाली उभं राहून दोनदा पाहूनही कळला नव्हता. हा दगड त्या दिवशीचा नव्हता. तो माझ्या तीन सह्यांच्या वेळी सुटला होता. घरातला शेवटचा माणूस आम्ही खाली बसवला, म्हणून साहेब बाहेर निघाले. आणि बाहेर न्यायला त्यांना जी पोरं लागली, ती मी दहा-बारा वर्षं मानपत्रं आणि भाषणं लिहून तयार करून दिली होती. हुकूमशहा एकट्यानं उगवत नाही. त्याच्याजवळ कागद नीट लिहिणारा माणूस लागतो. पुस्तकात हे कारण नाही, कारण पुस्तकं आमच्यासारखेच लोक लिहितात.

घरी येऊन मी बायकोला सगळं सांगितलं. ती पोळ्या लाटत होती, लाटत राहिली.

"मले माहीत होतं," ती म्हणाली. "तुमी त्या दिवशी अमरावतीहून आले अन् पाटावर बसून नुसतं ताटाकडं पाह्यत राह्यले. मी म्हटलं, आज सांगतीन, उद्या सांगतीन. सात वर्षं झाली."

"तू विचारलं नाहीस."

"मी बी तुमच्याच घरात राह्यते," ती म्हणाली. "आता विचारते. काय करता?"

मी प्रतिज्ञापत्र लिहिलं. कागद कोरे होते, मी शपथेवर खोटं बोललो, त्याच्या बदल्यात मला बढती मिळाली. तालुक्याला जाऊन ते नोटरीकडून करून घेतलं आणि अकोल्याला गेलो, सरळ रस्त्यानं.

तो दुकानात गादीला टाके घालत होता, लांब सुई हातात. केस पांढरे झाले होते, आणि भुवयांवर कापसाचे तंतू. गिऱ्हाईक समजून त्यानं वर पाहिलं. बस म्हणाला नाही. मी उभ्यानंच कागद दिला, उभ्यानंच माफी मागितली. मागच्या खोलीत यंत्र चालू होतं, म्हणून मोठ्यानं मागावी लागली. शेजारच्या दुकानदारानंही ऐकली असेल.

त्यानं कागद सावकाश वाचला, दोनदा.

"किती वर्षं लागली?"

"सात."

"महायुद्ध सहा वर्षांत आटपलं होतं, सर."

भाऊ नाही, सर म्हणाला. मग कागद खिशात घातला आणि सुईत दोरा ओवू लागला. "वकिलाले देतो," म्हणाला. मी निघालो.

वरच्या कोर्टानं प्रकरण पुन्हा खाली पाठवलं, नव्यानं साक्ष घ्या म्हणून. मी पुन्हा अमरावतीला, त्याच खोलीत उभा राहिलो. या वेळी साहेब स्वतः आले होते, मागच्या बाकावर. त्यांच्या वकिलानं विचारलं, "म्हणजे मागच्या वेळी आपण शपथेवर खोटं बोललात?"

"हो."

"मग आज खरं बोलता आहात हे कशावरून?"

"मागच्या वेळी मला खुर्ची मिळणार होती, ती मिळाली. या वेळी जाणार आहे."

बाहेर व्हरांड्यात साहेबांनी मला गाठलं. आवाज नेहमीसारखाच, चढलेला नाही. "सर, तुमाले आमी मोठं केलं."

"उलटं आहे साहेब," मी म्हणालो. "तुमाले मी मोठं केलं. दहा-बारा मानपत्रं लिहिली. कल्पवृक्ष मी म्हणालो, सूर्य मी म्हणालो. तुमी आपले बोअर मारणारे चांगले माणूस होते."

"पाह्यतो मी तुमाले."

"पाहा."

निकाल त्याच्या बाजूनं लागला. चौकशी रद्द, नोकरी परत. तो शाळेत आला त्या दिवशी स्टाफरूममध्ये सगळे उठून उभे राहिले, ज्यांनी इतकी वर्षं त्याचं नाव घेतलं नव्हतं तेही. तो खिडकीजवळच्या टेबलावर बसला. माझ्या टेबलावर आला नाही. अजून येत नाही. कामाचं बोलतो, नीट बोलतो, डबा तिकडेच उघडतो. नाराजी नाही माझी. सात वर्षं मी त्याचा रस्ता टाळला, आता त्यानं माझं टेबल टाळलं तर तक्रार कोणत्या तोंडानं करू?

पर्यवेक्षकाची खुर्ची गेली. आता मला आरोपपत्र आलं आहे: संस्थेची बदनामी केली, गोपनीय कामकाज उघड केलं. ज्या दिवशी ते आलं त्या दिवसापासून माझ्या टेबलावरचे बाकीचे तिघे एकेक करून दुसरीकडे सरकले. मी एकटा जेवतो. चवीत काही फरक पडत नाही. साहेब अजून अध्यक्ष आहेत, गायरानावर अजून हक्क सांगतात. पण परवाच्या शिक्षक सभेत त्यांनी नेहमीसारखं विचारलं, आणि मी उठून बोललो. फार नाही, दोनच वाक्यं. त्या बाईंच्या डोळ्याच्या उपचाराचं काय, असं विचारलं. साहेबांनी पुढचा विषय घेतला. पुढच्या सभेत पुन्हा विचारणार आहे, त्याच्या पुढच्या सभेतही.

आरोपपत्राच्या शेवटी लिहिलं आहे की लेखी माफी दिल्यास प्रकरण मिटवण्यात येईल. बाबूनं तर माफीनामा टाइप करून सोबत जोडला आहे, मला त्रास नको म्हणून. मी तो पूर्ण वाचला आणि तसाच परत पाठवला. मला मागायची होती ती माफी मी अकोल्याला एका दुकानात उभ्यानं मागून आलो आहे. दुसरी माझ्याकडे नाही.